हलाल आहे का, हे विचारलं. किती टाकायचं, हे कोण विचारणार?

रमजान जवळ आला की वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या मसाला बाजाराचा रंग बदलतो. खजूर, सब्जा, फालुद्याची शेव, बदाम-पिस्ते आणि चायना ग्रास यांची गाळ्यांसमोर रास लागते. मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, गोवंडी, पनवेल इथून छोटे दुकानदार येतात, केटरिंगवाले येतात, इफ्तारच्या वेळी मोहल्ल्यात गाडी लावणारे येतात. अशा मालाच्या गाळ्यावर थोडा वेळ उभं राहिलं तर दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. पहिला, कितीला दिलं? दुसरा, जेलीच्या पाकिटाकडे बोट दाखवून, यात जिलेटिन तर नाही ना, हलाल आहे का?

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: एका लिटरला हे किती लागेल, आणि या मालाची घट्ट धरण्याची ताकद किती आहे? हा तिसरा प्रश्न आपण विचारत नाही म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळूनही वाया जातं, असं माझं म्हणणं आहे.

होतं काय, ते बघा. एखाद्या घरात ठरतं की संशयाचं जिलेटिन नको, चायना ग्रास वापरू. मग जितके चमचे जिलेटिन टाकायचो तितकीच चायना ग्रासची पावडर टाकली जाते. पुडिंग खोडरबरासारखं होतं, चमचा लावला की तुकडे पडतात. पुढच्या वेळी घाबरून चिमूटभर टाकलं जातं, तेव्हा दूध दूधच राहतं. दोनदा नासलं की निष्कर्ष निघतो, ‘‘हलालवालं जमत नाही, चव येत नाही.’’ आणि जुनं पाकीट परत घरात येतं. यात श्रद्धा कमी पडलेली नसते, चुकलेलं असतं ते प्रमाण. पण प्रमाणाबद्दल बोलणं आपल्याकडे कुणाचंच काम नसतं. मौलाना सांगणार नाहीत, दुकानदार सांगत नाही, पाकीट सांगत नाही आणि शाळाही सांगत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. तरीही या विषयावर लिहायचं कारण एका शब्दात आहे. द्रावणात एखादा पदार्थ किती दाट आहे, याला मराठी पाठ्यपुस्तकात ‘संहती’ म्हणतात. उर्दूत त्याला ‘इर्तिकाज़’ म्हणतात. ‘मरकज़’ ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून हा शब्द आला. ‘संहती’चा मुळातला अर्थ एकत्र येणं, घट्ट जुळणं. एक शब्द केंद्राकडे बोट दाखवतो, दुसरा जुळण्याकडे. जेली का धरते, याचं निम्मं उत्तर या दोन शब्दांत आहे. पण मुलं दोन्ही शब्द पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण त्या शब्दाला कुणी हात लावू दिलेला नसतो.

आता माल काय आहे ते बघू. चायना ग्रास हे गवत नाही. ती समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेली वस्तू आहे. तिचं खरं नाव आगर किंवा आगर-आगर, आणि हा शब्द मलय भाषेतून आला. आपल्या नवी मुंबईतल्या आगरी शेजाऱ्यांच्या मिठागराशी त्याचा काही संबंध नाही, नुसता आवाज सारखा. जिलेटिन मात्र जनावरांच्या कातडीतून आणि हाडांतून निघतं. दोन्ही पदार्थ बहुवारिक आहेत, म्हणजे त्यांचे रेणू लांबच लांब धाग्यांसारखे असतात. गरम पाण्यात हे धागे सुटे होऊन फिरतात. पाणी थंड होऊ लागलं की धागे एकमेकांभोवती पिळले जातात, जागोजागी एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पाणी त्या जाळ्यात अडकतं. एक लिटर दुधात 10 ग्रॅम चायना ग्रास टाकलं तर ते 1 टक्का होतं. म्हणजे वाटीत जे उभं राहिलंय त्याचा फार मोठा भाग अजूनही द्रवच आहे, आणि त्या सगळ्याला उभं ठेवणारं सामान शंभरातला एक भाग आहे.

या जाळ्यातल्या गाठी कायमच्या नसतात. गाडीच्या टायरमधलं रबर गंधक घालून पक्कं करतात, ते पुन्हा वितळत नाही, कारण तिथे धागे रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. आगर आणि जिलेटिनमध्ये धाग्यांनी फक्त एकमेकांचा हात धरलेला असतो. उष्णता मिळाली की हात सुटतात, थंडावा मिळाला की पुन्हा धरतात. अशा जेलला भौतिक जेल म्हणतात. म्हणूनच बिघडलेलं चायना ग्रासचं पुडिंग पुन्हा गरम करून सुधारता येतं, पण जळलेल्या टायरचं काही करता येत नाही.

आता मूळ प्रश्न. प्रमाण वाढवलं की नेमकं काय बदलतं?

पहिली गोष्ट, एका मर्यादेच्या खाली काहीच होत नाही. हापूसच्या हंगामात फळ बाजारात पेट्या उतरवताना माणसं रांगेत उभी राहतात आणि पेटी हातोहात गाडीपासून गाळ्यापर्यंत जाते. समजा, त्या अंतराला वीस माणसं लागतात आणि उभी आहेत बारा. मग साठ टक्के काम होतं का? नाही. जिथे दोघांचे हात पोहोचत नाहीत तिथे पेटी थांबते. जाळ्याचंही तसंच आहे. धागे कमी असतील तर इकडे चार जुळतात, तिकडे पाच जुळतात, पण वाटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग साखळी होत नाही. द्रव थोडा दाट लागतो, धरत मात्र नाही. आगरसाठी ही मर्यादा अगदी कमी आहे, 1 टक्क्याच्याही बरीच खाली. जिलेटिनसाठी ती साधारण 1 टक्क्याच्या आसपास येते. म्हणूनच एकाचा चमचा दुसऱ्याच्या चमच्याला बरोबरीचा नसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मर्यादा ओलांडल्यावर प्रमाण दुप्पट केलं की कडकपणा दुप्पट होत नाही, तो साधारण चौपट होतो. का, ते ईदच्या दिवशी समजून घ्या. दहा माणसं नमाजनंतर भेटली आणि प्रत्येकाने प्रत्येकाला मिठी मारली तर एकूण 45 गळाभेटी होतात. वीस माणसं असतील तर 90 नाही, 190 होतात. माणसं दुप्पट, भेटी चौपटीहून अधिक. जेलमध्ये घट्टपणा येतो तो धाग्यांच्या भेटींतून, आणि भेट व्हायला दोन धागे लागतात. म्हणून ढोबळ हिशेब वर्गाचा लागतो. प्रत्येक पदार्थाचा आकडा थोडा वेगळा असतो, आणि त्या पहिल्या मर्यादेजवळ तर बदल याहून तीव्र असतो. पण स्वयंपाकघरासाठी आणि शाळेसाठी वर्गाचा नियम पुरेसा आहे.

हा नियम पैशांच्या भाषेत बोलतो. गाडीवर पुडिंग विकणाऱ्याने माल वाचवायला 10 ग्रॅमऐवजी 8 ग्रॅम टाकलं. त्याला वाटतं पाचवा हिस्सा वाचला. पण 0.8 चा वर्ग 0.64 होतो, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक घट्टपणा गेला. 5 ग्रॅम टाकलं तर चौथाईच उरतो. उलट बाजूने, जिलेटिनच्या सवयीने कुणी 3 टक्के आगर टाकलं तर 1 टक्क्याच्या पुडिंगपेक्षा तिप्पट माल पडतो आणि ढोबळमानाने नऊपट कडकपणा येतो. खोडरबर होतं ते असं.

आणखी एक छुपा खेळ आटण्याचा आहे. दूध उकळताना लिटरचं 800 मिली झालं तर टाकलेले 10 ग्रॅम तेवढेच राहतात, प्रमाण मात्र 1.25 टक्के होतं, आणि घट्टपणा दीडपटीच्या वर जातो. ‘‘काल याच हाताने केलं तेव्हा मऊ झालं होतं’’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. उलटही घडतं. चायना ग्रासच्या काड्या नीट उकळल्या नाहीत तर काही भाग विरघळतच नाही. पातेल्यात 10 ग्रॅम पडलेले असतात, पण जाळं विणायला आलेले कमी असतात. हिशेब हजेरीपटावरच्या नावांचा करून चालत नाही, वर्गात बसलेल्यांचा करावा लागतो.

प्रमाणाने सगळंच होतं, असा मात्र गैरसमज नको. जिलेटिनची जेली साधारण 30 ते 35 अंशांच्या दरम्यान सैल पडते, म्हणून ती तोंडात विरघळते आणि मे महिन्यात तुर्भ्याच्या रस्त्यावर गाडीवरही विरघळते. प्रमाण वाढवलं तर ती जास्त चिवट होते, पण आपल्याकडच्या उन्हासमोर टिकायला तेवढं पुरत नाही. आगर मात्र 35-40 अंशांच्या आसपास धरतो आणि एकदा धरला की वितळायला 85 अंशांच्या आसपास तापवावा लागतो. उन्हाळ्यात रमजान आला तर गाडीवाल्यासाठी हलाल-हरामच्या पलीकडे जाऊनही आगर सोयीचा आहे. फळांचंही तसंच. फळ बाजारातून आणलेला ताजा अननस किंवा पपई जिलेटिनमध्ये टाकली तर त्यातलं पाचक रसायन जिलेटिनचे धागेच कापतं. मग कितीही चमचे टाका, धरणार नाही. आगर प्रथिन नसल्याने त्याला याने फरक पडत नाही. पण आगर लिंबू किंवा कोकमासारख्या आंबट रसात खूप वेळ उकळला तर त्याचे धागे तुटतात. म्हणून तो आधी साध्या पाण्यात उकळावा आणि आंबट रस शेवटी घालावा.

घट्टपणा आणि चिवटपणा यांतही फरक करावा लागतो. जिलेटिन दाबलं की लवतं आणि परत जागेवर येतं. आगर थोडा दाब सहन करतो आणि मग एकदम तडकतो. प्रमाण वाढवल्याने आगर कडक होतो, पण जिलेटिनसारखा लवचीक होत नाही. प्रमाण कमी ठेवलं तर तो नरम राहतो, पण ठेवल्या जागी पाणी जास्त सोडतो. ज्याला आगर वापरायचा आहे त्याने आगरची स्वतःची चव आणि पोत स्वीकारावा. जिलेटिनची नक्कल करायला गेलात तर निराशाच हाती येईल.

हे सगळं घरातल्या बायकांना माहीत असतं, मग विज्ञान कशाला, असं कुणी म्हणेल. बायकांना माहीत असतं, हे शंभर टक्के खरं आहे. आगर प्रयोगशाळेत पोहोचला तोच मुळी स्वयंपाकघरातून. 1881 मध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्थर हेसे काम करत होते. जंतू वाढवायला ते जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळायचं, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंगसाठी आगर वापरत असे. जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्या बाईंकडून तिला तो माहीत झाला होता. तिने तो सुचवला, आणि आज जगभरच्या रोगनिदान प्रयोगशाळांत जंतू आगरवरच वाढवले जातात. तिथेही प्रमाणच बोलतं. 1.5 टक्क्याच्या आसपास आगर असला की जंतू पृष्ठभागावर एका जागी वाढतात आणि मोजता येतात. 0.3-0.4 टक्क्यावर जाळं इतकं सैल असतं की हालचाल करणारे जंतू त्यातून पोहत जातात आणि ते हलतात की नाही हे कळतं. माल तोच, फक्त प्रमाण वेगळं, आणि प्रश्नाचं उत्तरही वेगळं मिळतं.

पण अंदाज आणि मोजमाप यांत एक फरक आहे. अम्मीचा अंदाज अम्मीच्या हातात असतो. तो दुसऱ्याला देता येत नाही, लिहून पाठवता येत नाही, धंद्यात नोकराला शिकवता येत नाही. सासरी गेलेल्या मुलीला तो पहिल्यापासून कमवावा लागतो. ग्रॅममध्ये लिहिलेलं प्रमाण मात्र भिवंडीतून बीडला जातं आणि तिथेही तसंच वागतं. अंदाजाचा मान राखायचा असेल तर त्याला आकड्यात उतरवावं लागेल. नाहीतर तो त्या बाईसोबतच संपतो.

कारखान्यांनी हे कधीच केलं आहे. जिलेटिनची ताकद मोजायच्या उपकरणाचं पेटंट ऑस्कर ब्लूम यांना 1925 मध्ये मिळालं, आणि आजही ही ताकद ‘ब्लूम’ या आकड्यात सांगतात. त्यासाठी 6.67 टक्क्यांचंच द्रावण करायचं, 10 अंशांवर रात्रभर ठेवायचं आणि ठरावीक दट्ट्या 4 मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम भार लागतो ते बघायचं. टक्केवारी आधी पक्की का केली? कारण प्रमाण बदललं की सगळंच बदलतं, मग दोन मालांची तुलना कशी करणार? आगरचीही ताकद अशीच मोजतात, 1.5 टक्क्याच्या जेलवर 20 अंश तापमानाला. म्हणजे घाऊक व्यापारात हा आकडा असतो. तो किरकोळ पाकिटावर आणि गाळ्यावरच्या सुट्या मालावर येत नाही, एवढंच.

पाकिटावर काय येतं? हिरवी किंवा तपकिरी खूण. आगर असेल तर 406, पेक्टिन असेल तर 440 असा क्रमांक. तपकिरी खूण जिलेटिन प्राण्याचं आहे हे सांगते, पण कोणत्या प्राण्याचं आणि तो कसा कापला गेला, हे सांगत नाही. म्हणून हलालचा प्रश्न विचारणं रास्तच आहे, आणि हलालचं प्रमाणपत्र मागणाऱ्या ग्राहकाला उगाच नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण आपण ग्राहक म्हणून जितक्या जोरात ‘काय’ विचारतो तितक्याच जोरात ‘किती’ही विचारायला हवं. पाकिटावर ‘एक लिटरला इतके ग्रॅम’ आणि मालाची ताकद छापा, अशी मागणी करायला कुठल्याही एका धर्माचं असावं लागत नाही. उपवासाला आणि व्रताला चायना ग्रास वापरणारे आपले हिंदू आणि जैन शेजारीही तेच पाकीट घेतात.

आता शाळेकडे येते. पाठ्यपुस्तकात कलिल येतो, संहती येते, बहुवारिक येतो, पण तिन्ही वेगवेगळ्या धड्यांत, एकमेकांना सलाम न करता. बालभारतीची पुस्तकं उर्दूतही निघतात, पण संज्ञा समजावणारा प्रयोग बहुतेक शाळांत होत नाही, कारण ‘लॅब नाही’. या प्रयोगाला लॅब लागत नाही. थोडं चायना ग्रास, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, चार सारख्या वाट्या, एक टोक न काढलेली पेन्सिल आणि कागदी ग्लास पुरे. दर 100 मिली पाण्याला पाव, अर्धा, एक आणि दोन ग्रॅम अशा चार वाट्या करा. उकळायचं काम शिक्षकाने करावं, आणि आटलेलं पाणी मोजून परत भरावं. वाट्या थंड झाल्या की पेन्सिल उभी ठेवून तिच्या डोक्यावर ग्लास चिकटवा, बोटांनी नुसता आधार द्या आणि ग्लासात सिरिंजने पाणी सोडत जा. 1 मिली पाणी म्हणजे 1 ग्रॅम भार. पेन्सिल कधी आत घुसते ते लिहा. नंतर दोन ओळींचा तक्ता आणि एक आलेख. रेघ सरळ जात नाही, वर वळते, हे मुलांना स्वतःच्या हाताने दिसेल. वर्गसंख्या गणिताच्या तासाला कशासाठी शिकलो, हेही त्यांना तिथेच कळेल.

‘‘टीचर, तुम्ही भाषा शिकवा, हे विज्ञानवाल्यांचं काम आहे,’’ असं मला ऐकवलं जातं. माझं उत्तर असं की हा आधी भाषेचाच प्रश्न आहे. ‘थोडं’, ‘जरासं’, ‘चिमूटभर’, ‘अंदाजे’ हे शब्द सुंदर आहेत, पण त्यांच्यावर मुलाचं शिक्षण थांबलं तर तो मोठा झाल्यावर औषधाचा डोस, सिमेंटचं प्रमाण, कर्जाचं व्याज, सगळंच ‘थोडं’ आणि ‘जास्त’ यांत मोजत राहील. व्याजावरचं व्याज तर या जेलपेक्षाही वेगाने वाढतं. दुप्पट केलं की दुप्पटच होतं, हा समज माणसाला आयुष्यभर महाग पडतो. तो समज मोडायला दोन वाट्या जेली पुरतात, तर त्या करायला काय हरकत आहे?

मुंबईतल्या मस्जिद बंदर परिसरातून मसाल्याचा घाऊक व्यापार तुर्भ्याला आला तेव्हा त्याच्यामागे हमाल, ड्रायव्हर, मापाडी, छोटे व्यापारी अशी हजारो कुटुंबं या बाजूला आली. त्यांची मुलं आज आपल्या वर्गांत आहेत. त्यांच्या घरात तागडी आहे, पोती आहेत, भाव आहेत, प्रमाण आहे. विज्ञान त्यांच्यासाठी परकं नाही, ते फक्त त्यांच्या ओळखीच्या वस्तूंतून सांगितलं गेलेलं नाही.

या रमजानला चायना ग्रास घ्याल तेव्हा भाव विचारा, हलाल आहे का तेही विचारा, आणि लगेच तिसरा प्रश्न विचारा: लिटरला किती ग्रॅम? दुकानदाराला सांगता आलं नाही तर घरी काट्यावर तोला, जमलेला आकडा वहीत लिहा आणि ती वही शेजारच्या खालाला द्या. शिक्षक असाल तर चार वाट्या वर्गात मांडा.